बिनमिठाचे सांडगे

आबांनी दुसरा सांडगा तोंडात टाकला, कडाकडा चावला आन म्हनले, "पोरी, ह्यात मीठच न्हाई."

माझ्या हातातली वरनाची पळी तशीच राह्यली. कमरेवर लेकरू, तव्यावर भाकर करपून राह्यलेली, आन माझं ध्यान गेलं ताटात उरलेल्या सांडग्यावर. मधी खड्डा. परत्येकाच्या मधी अंगठ्यानं दाबल्यावानी खड्डा. मी सांडगा घातला की त्याला शेंडा येतो, बोट उचलताना वर वढला जातो तसा. खड्डा पाडनारा मानूस आमच्या घरात एकच व्हता, आन त्याचे सांडगे मानसासाठी नसायचेच. ते मांजरासाठी असायचे. त्यात मुगाची डाळ नसायची. त्यात कोंबडी असायची.

आबा म्हंजे माझे सासरे. मिसरूड फुटायच्या आधीपासून गळ्यात तुळशीची माळ. ज्या हाटेलात अंडं उकडतं तिथला चहासुदिक घेत न्हाईत. आन त्या दिवशी ते मला आन लेकराला गावाकडं न्यायलाच आले व्हते. माझी पिशवी भरून दारामागं ठिवलेली व्हती.

"मीठ न्हाई," आबा परत म्हनले, आन तिसऱ्याला हात घातला.

तुमी म्हनाल, वराडली काहून न्हाईस, ताट काहून वढलं न्हाईस. मला वराडता येत न्हाई हो. भ्याव वाटलं की माझा आवाज वर यायच्या ऐवजी खाली पोटात जातो. लहानपनापासून तसंच हाय. शाळेत बाई उभं करायच्या तरी तसंच, म्हनून सातवीच्या पुढं गेलेच न्हाई मी. पन थांबा, आधी खड्डा पाडनाऱ्या मानसाचं सांगते, न्हाईतर माझं भ्याव तुमाला कळायचं न्हाई.

आमी जवळा बाजार गावात ज्यांच्या घरी भाड्यानं राह्यलो ते एसटीतले रिटायर कंडक्टर. समदं गाव त्यांना मास्तर म्हनायचं, एसटीत कंडक्टरला म्हनतातच तसं. खाली दोन खोल्या आमच्या, दोन त्यांच्या, मधी अंगन, वर सपाट स्लॅब. बायको वारलेली, पोरगी लांब दिलेली. उंच मानूस, पन जरा एका बाजूला कलून उभा राहायचा. जलमभर हालत्या गाडीत उभं राहून तसं झालं म्हनायचे. घर हालत न्हाई ह्याचाच त्यांना तरास व्हायचा.

आन मांजरं. किती ते सांगता येत न्हाई, कमी-जास्ती व्हायची. समद्यांची नावं एसटीच्या ष्टापांची. कपाळावर गंध लावल्यासारखे पट्टे असलेला बोका म्हंजे औंढ्या. हळदीवानी पिवळी ती कुरुंदी. एक व्हती शिरड, ती कायम झोपलेली. आन एक जाडी मांजरी, वरसातून दोनदा व्यायची, तिचं नाव डेपो. "समद्या गाड्या तिच्यातूनच सुटत्यात," म्हनायचे मास्तर, आन सोता हसायचे न्हाईत.

ऊन उतरलं की मास्तर आपला जुना खाकी सदरा घालायचे. गुंड्या गळ्यापत्तूर लावून. एका हातात पत्र्याचा डबा, एका हातात बायकोचा अडकित्ता. डब्यावर अडकित्ता वाजवायचे, कटकट, कटकट, एसटीत तिकिटाचा पंच दांडीवर वाजवत्यात तसा. आन कुठून कुठून मांजरं यायची, भिताडावरून, सांडपान्याच्या मोरीतून, शेजारच्या पऱ्हाटीच्या काड्यांच्या ढिगातून.

"चला, पुढं सरका. पुढं सरका म्हनतो ना! ओ औंढेकर, तुमाला येगळं सांगावं लागतं का? पायरीवर थांबू नका. लेकुरवाळ्या बाईला जागा द्या."

मंग डेपोला आधी. पिल्लांना अर्धं तिकीट, म्हंजे सांडग्याचा अर्धा तुकडा. शिरडचे दात गेलेले व्हते, तिला कोंबट पान्यात भिजवून. परत्येकाला एकच, बोटाच्या पेराएवढा. औंढ्या पायात घोटाळायचा, वराडायचा, पन मास्तर डबा बंद करायचे. "खाऊ म्हंजे जेवन न्हाई. पोट जेवनानं भरायचं, खाऊनं मन." आन तोंडानं शिट्टी मारायचे, दोनदा. गाडी सुटली.

हा खाऊ ते सोता करायचे. त्याची पन एक कथा हाय. मांजरं खरं तर मास्तरीनबाईंची. मास्तर दिवसभर गाडीवर, त्यांना मांजराचं काय सोयरसुतक न्हवतं. बाई मायेनं दूध-पोळी घालायच्या, बाजारातून खारं सुकट आनून घालायच्या. एका बोक्याचं मूत बंद झालं, लई कळवळला तो. हिंगोलीला जनावराच्या डाक्टरकडं नेला टोपल्यात घालून. डाक्टरनं वाचवला पन बाईंना बोलले, "एवढं खारट काहून घालता? दूध पन समद्याच मोठ्या मांजरांना पचत न्हाई." बाई रडल्या. म्हनल्या मायाच करत व्हते ना मी. त्यानंतर त्यांनी हे सांडगे काढले, डाक्टरला इचारून इचारून. कोंबडीचं बिनहाडाचं मटन उकडायचं, जरासं काळीज, लाल भोपळा वाफवून, एक अंडं, बांधायपुरतं ज्वारीचं पीठ. मीठ न्हाई, तिखट न्हाई, हळद न्हाई. कांदा-लसून तर मांजराला इखच म्हनं. पाट्यावर वाटायचं, धोतराच्या फडक्यावर घालायचे, कडक उनात वाळवायचे, मंग तव्यावर मंद शेकायचे.

बाई गेल्या. मास्तर सांगायचे, "दहाव्यानंतर समदे पाव्हने गेले, माय. मी दार लावाया गेलो तर अंगनात समदी मांजरं बसलेली, वळीनं. माझ्याकडं बगून राह्यलेली. मानसांना सांगता येतं बाई वारली म्हनून. ह्यांना कसं सांगायचं?" मंग त्यांनी पाटा घेतला. बाईंच्या हाताकडं कधी नीट बगितलं न्हवतं, त्यामुळं सांडग्याला शेंडा काही जमला न्हाई. अंगठ्यानं दाबून टाकायचे. म्हनून खड्डा.

उन्हाळ्यात स्लॅबवर वाळवन पडलं की रोज भांडन. शेजारच्या काकूंचे पापड, माझे मुगाचे सांडगे, आन पलीकडं मास्तर छत्री धरून बसलेले, कावळ्यांना हाकलत.

"मास्तर, तुमची कोंबडी आमच्या पापडाला शिवंल!"

"उकडलीय काकू, चालत येनार न्हाई."

"वास येऊन राह्यलाय!"

"मंग खिडकी उघडा."

"स्लॅबवर कुठून आली खिडकी?"

"तेच म्हनतो. पुढं सरका."

शेवटी त्यांनी खडूनं स्लॅबवर रेघ मारली. ही तुमची शीट, ही माझी. आन खरंच, बोटभर तरी रेघ वलांडली न्हाई कधी. तसे व्हते ते. त्यांची एक गोष्ट गावात अजून सांगत्यात. बाई बाळंतपनाहून लेकरू घेऊन येत व्हत्या, त्यांच्याच गाडीनं. मास्तर समद्यांची तिकिटं फाडत फाडत आले आन बायकोपुढं उभे राह्यले. बाई म्हनल्या, "आवं, घरच्या गाडीत कसलं तिकीट?" मास्तर म्हनले, "गाडी घरची न्हाई. नवरा घरचा हाय." आन आपल्या खिशातून पैशे काढून बायकोच्या हातात दिले, तिच्या हातून घेतले, तिकीट फाडलं. समदी गाडी हसली. बाई पुढं कितीतरी दिवस बोलल्या न्हाईत. तर असा मानूस, बिनतिकिटाचं एक शीट, म्हंजे पॅसेंजर, त्यानं जलमात सोडलं न्हाई.

आता माझं सांगते. माझं लेकरू झालं गावाकडं. घर मोठं, मानसं लई, वाईट म्हनाल तर कुनीच न्हाई. पन बाळंतपनानंतर मला काय झालं काय म्हाईत. लेकरू हातातून पडंल असं वाटायचं. श्वास बंद झाला असंल असं वाटायचं, सारखं नाकाखाली बोट धरायची. पाजताना हात थरथरायचे. सासूबाई म्हनायच्या, "आमी काय लेकरं काढली न्हाईत? आमाला वाटलं का कधी असं?" मंग मी बोलायचंच सोडलं. आमच्या ह्यांना जवळा बाजारात आडतीवर काम लागलं, मापाचं, सोयाबीन-कापसाचं, तवा ते मला संगं घेऊन आले. आन आले तर काय, पयल्याच दिवशी पाळन्याखाली औंढ्या.

माझ्या मायीकडं म्हनायचे, मांजर लेकराच्या छातीवर बसून श्वास वढून घेतं. मी भिताडाला चिकटून उभी, आवाज पोटात. मास्तर आले, त्यांनी बगितलं. मला हसले न्हाईत, मांजर काही करत न्हाई असं पन म्हनले न्हाईत. औंढ्याला उचललं आन माझ्या उंबऱ्यावर खडूनं रेघ मारली. "आत रिझर्वेशन हाय," त्याला म्हनले. त्या दिवसापासून रेघेच्या अलीकडं कुना मांजराला खाऊ दिला न्हाई, आन मांजरं शिकली. लेकराचं नाव त्यांनी स्टाफ ठिवलं. "ही आपली स्टाफ हाय, हिला तिकीट न्हाई."

माझे हात थरथरत्यात हे त्यांनी कधी बगितलं मला ठावं न्हाई. एक दिवस म्हनले, "माय, मी वाटतो, तू नुस्ती बस आन बोल."

"काय बोलू?"

"काय पन. गाडीत बाया काय काय बोलत्यात, मला ऐकायची सवय हाय. आता घरात आवाजच न्हाई."

मी भोपळ्याच्या फोडी करत बसायची आन बोलायची. पयल्यांदा दोन शब्द, मंग चार. मंग शाळेतलं, मंग गावाकडचं, मंग ते नाकाखाली बोट धरायचं पन सांगितलं एक दिवस. मास्तरांचा वरवंटा थांबला न्हाई. म्हनले, "मी पन धरायचो. हिच्या नाकाखाली. शेवटी शेवटी." बस. एवढंच. पन त्या राती मी झोपले हो, कितीतरी महिन्यांनी. लेकरू अडकित्त्याच्या आवाजाला पयल्यांदा खदखदून हसलं ते पन त्याच अंगनात.

आन गावाकडं कुनीतरी सांगितलं की आबांची सून मांजराच्या घरात राहून राह्यली, स्लॅबवर कोंबडी वाळती, लेकराच्या तोंडात मांजराचे केस जात्यात.

तर आबा यायच्या आदल्या दिवशी दुपारी वारं सुटलं. धुळीचा लोट असा की समोरचं दिसंना. लेकरू झोपेतून उठून रडायला लागलं, मी त्याला घेऊन आत. मास्तर एकटे वर पळाले, माझं फडकं आन त्यांचं फडकं दोन्ही गुंडाळून खाली आले. चष्मा धुळीनं भरलेला, डोळे लाल. एक गठुडं मला दिलं. "हे तुझं. समदे वाचले." मी लेकराला थोपटत, न बगताच डब्यात भरलं, त्यांनी त्यांचं तव्यावर शेकून डब्यात भरलं. सकाळी मला हसू पन आलं व्हतं, कारन अंगनात अडकित्ता वाजून राह्यला आन मास्तर चिडलेले, "आज काय संप हाय का? औंढेकर! अवो औंढेकर, नाक काहून मुरडता?" मांजरं हुंगायची आन मागं सरायची. तवा तरी कळाया पायजे व्हतं. कुनालाच कळलं न्हाई. मास्तर मनाला लावून घेऊन बाजारात निघून गेले, आबा आले, घरात भाजी न्हवती, मी घाईघाईनं डब्यातले मूठभर सांडगे तळले. मुगाच्या सांडग्यात मीठ असतं, आबांना डाक्टरनं मीठ कमी सांगितलेलं, म्हनून ताटात थोडेच वाढले.

आता आलो आपन परत तिथं. पळी हातात, भाकर करपलेली.

आबा तिसरा सांडगा चावून राह्यले व्हते, हळूहळू. आन त्यांचे डोळे भरले. मला वाटलं कळलं. मी उंबऱ्याकडं सरकले.

"तू मपल्यासाठी, ह्या म्हाताऱ्यासाठी येगळे केलेस?" आबा म्हनले.

मी लेकराला ह्या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं.

"बिनमिठाचे. मपल्यासाठी. डाक्टरनं सांगितल्यापासून घरात काय चाललंय सांगू का तुला? तुझी सासू एका भांड्यात समद्यांचं करती आन म्हनती, तुमी मीठ वरचं घेऊ नका म्हंजे झालं. पोरं म्हनत्यात, आबा, चिमूटभरानं कुनी मरत न्हाई. वाळवनातलं काही खाल्लंच न्हाई म्या दोन उन्हाळे. आन तू उनात बसून, लेकरू घेऊन..." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "आमाला वाटायचं ही पोरगी बोलत न्हाई म्हंजे हिला काही कळत न्हाई."

माझे सासरे माझ्याशी एवढं कधी बोलले न्हवते. लग्नापासून न्हवते बोलले. आन त्यांच्या पोटात कोंबडी.

तेवढ्यात दारात मास्तर. हातात बाजाराची पिशवी. त्यांनी आबांना रामराम घातला आन बोलता बोलता त्यांची नजर ताटात गेली. खड्ड्यावर. मानूस हालत्या गाडीत जसा दांडी धरतो तशी त्यांनी चौकट धरली.

आन तुमाला खोटं वाटंल, त्यांनी पयलं काय केलं? ते अंगनात पळाले. "औंढ्या! कुरुंदी! कुनी खाल्लं? कुनी खाल्लं का रे?" माझ्या सांडग्यात लसून व्हता ना. एकेकाचं तोंड उघडून बगितलं, पायरीवर टाकलेले सांडगे गोळा केले. समदे तसेच. मांजरं शहानी निघाली, मानसं फसली. मंग ते परत आले, घामानं भिजलेले.

"काय झालं मास्तर?" आबा म्हनले.

"काही न्हाई. मांजरं बगितली."

"बसा. आमाला कुनी कुनी काय काय सांगितलं व्हतं तुमच्याबद्दल. पन ज्या घरात म्हाताऱ्याचं पथ्य ध्यानात ठिवत्यात ते घर वंगाळ नसतं. मास्तर, तुमाला ठावं व्हतं का, ह्या पोरीनं मपल्यासाठी बिनमिठाचे सांडगे केलेत?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मला ठावं व्हतं, हा मानूस खोटं बोलत न्हाई. बायकोलासुदिक बिनतिकिटाचं सोडलं न्हाई ह्यानं. मी लेकराला एवढं घट धरलं की ते रडाया लागलं, आन रडत रडत त्यानं मास्तरांकडं हात केले. मास्तरांनी त्याच्याकडं बगितलं. मंग दारामागच्या माझ्या पिशवीकडं बगितलं.

"बिनमिठाचे हायेत," ते म्हनले, "हे बराबर हाय."

आन वाकून आबांच्या पुढचं ताट उचललं. "पन पाव्हनं, आता बस. खाऊ म्हंजे जेवन न्हाई."

आबा खदाखदा हसले. म्हनले मास्तर लई कडक हायेत. आन जाताना म्हनले, "पोरी, पिशवी रिकामी कर. राहा हितंच. सासूला मी सांगतो."

आबा गेल्यावर मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. खाकी सदरा घातला न्हाई त्या दिवशी, मांजरं येऊन बसली तरी. म्हनले, "चूक माझी. चुकीच्या गाडीत बसवलं मी त्यांना. आन वर बिनतिकिटाचं शीट सोडलं, माय. पयल्यांदा."

"मास्तर, नका सांगू. मला न्हेतील."

"माळकरी मानूस हाय. त्याला म्हाईत पायजे. तो देवापुढं काय करायचं ते करंल, पन म्हाईत पायजे."

"मला तिथं परत तसंच व्हईल, मास्तर."

त्यांनी पायाशी आलेल्या औंढ्याला बाजूला सारलं. मंग म्हनले, "चूक माझी हाय, म्हनून सांगायचं पन मीच. पन घर तुझं मोडंल, म्हनून तू म्हनशील तवा. तू नुस्ती मान हालव. मी सांगतो."

त्यानंतर दर उन्हाळ्यात मास्तरांनी दोन खेपा घातल्या. एक मांजराची. आन एक मुगाची, बिनमिठाची, आबांसाठी. मुगाच्या सांडग्याला मातर शेंडा काढायला शिकले, माझ्याजवळ बसून, वाकडातिकडा का व्हईना. दोन्ही फडकी दोन भिताडांना, मधी खडूची रेघ, आन एक खेप खाली उतरल्याबिगर दुसरीला हात लावायचे न्हाईत. आबा डबा न्यायला सोता यायचे. येताना दोघांसाठी पेरू आनायचे, हरभऱ्याचे ढाळे आनायचे. दोघं अंगनात खाटंवर बसायचे, एक पांडुरंगाचं बोलायचा, एक एसटीचं. आबा खायचे, म्हनायचे, "चांगलेत. पन मास्तर, पयल्या खेपेची चव न्हाई आली." आन मास्तर माझ्याकडं बगायचे. भुवई जराशी वर. सांगू?

मी मान हालवायची. न्हाई.

दर वेळी न्हाई. कधी लेकरू लहान व्हतं म्हनून, कधी आबांचा बीपी वाढला व्हता म्हनून, कधी सासूबाई संगं आल्या व्हत्या म्हनून. मास्तरांनी एकदा पन जोर केला न्हाई. पन आबा गेले की त्या दिवशी ते अडकित्ता जरा हळू वाजवायचे.

ह्या हिवाळ्यात मास्तर आजारी पडले. त्यांची पोरगी आली, दवाखान्यात ठिवलं. आबा गावाकडून भेटाया आले, मी पन लेकराला घेऊन गेले. मास्तर पार वाळून गेलेले, बोलनं निघत न्हवतं. आबांनी त्यांचा हात हातात घेतला. मास्तरांनी आबांकडं बगितलं, ओठ हालवले. आन थांबले. मान वळवून माझ्याकडं बगितलं. तीच भुवई.

आबा तिथंच, पोरगी तिथंच, नर्स सलाईन बदलून राह्यलेली. माझी मान हालली न्हाई. व्हय पन न्हाई, न्हाई पन न्हाई. आवाज पोटात जातो तशी मान पन गेली कुठंतरी. मास्तर जरासे हसले, डोळे मिटले. परवानगी न्हवती मिळाली ना. तिसऱ्या दिवशी गेले.

पोरीनं घर इकलं न्हाई. मला म्हनली, "तुमी राहा, मांजरं कोन बगनार?" आता पाट्यावर मी बसते. कोंबडी मी उकडते, भोपळा मी वाफवते. माझा हात थरथरत न्हाई आता. मांजरं पयले काही दिवस माझ्या हातचं खाईनात, मंग खाकी सदरा अंगावर घेतला तवा खाल्लं.

आन आबा. काल आबा आलेत. माळ गळ्यात, म्हातारपनानं मान डुगडुगती, पन म्हनले, "तू भाकरी कर, मांजराचं मी बगतो. मास्तरचं काम हाय." फडक्यात धरून सांडगा टाकत्यात, हात लावत न्हाईत. "पुढं सरका," म्हनत्यात. आवाज मास्तरांवानी निघत न्हाई, पन मांजरं सरकत्यात. लेकरू आता शाळेत जातं, ते बाजूला बसून अडकित्ता वाजवतं.

आताच, मी हे सांगाया बसायच्या जरा आधी, समद्या मांजरांचं झालं, आबांनी डब्याचं झाकन लावलं आन तिथूनच मला हाक मारली.

"पोरी, एक इचारू का? दवाखान्यात मास्तर मला काईतरी सांगनार व्हता. हात धरला व्हता त्यानं, घट. मंग तुझ्याकडं बगितलं आन गप बसला. तवापासून माझ्या डोक्यातून जात न्हाई. असा मानूस, जलमात कुनाचं काही ठिवून घेतलं न्हाई त्यानं. काय सांगनार व्हता गं तो?"

मी म्हनलं, भाकर करपंल, बगून येते. आन आत आले.

आबा खाटंवर बसलेत. माझ्या दाराकडं बगून राह्यलेत. आता मला कुनी गावाकडं न्हेत न्हाई, ते भ्याव गेलं. पन त्या मानसानं एवढी वरसं जी माळ जपली, ती मी त्यांच्या हातानं तोडायला लावू? का मास्तर जे सांगायसाठी माझ्या मानंची वाट बगत गेले, ते माझ्यापाशीच ठिवू? सांगितलं तर आबा त्या पयल्या ताटावर रडले व्हते ते पन खोटं व्हईल का? तवा कसे डोळे भरले व्हते त्यांचे.

भाकर झाली. बाहेर जावं लागंल.

तुमी माझ्या जागी असता, तर काय केलं असतं हो?